रूपीसाठी हाक

नवशी दाराबाहेर बसून मोठी झाली, असं तिची आई सोमी सांगते. तलासरीच्या पुढे, डोंगराच्या उतारावर त्यांचा पाडा. घरं लांबलांब, मधून ओहोळ. पाड्यात एखादीचे दिवस भरले की म्हाताऱ्या सुईणीच्या मदतीला सोमी जायची आणि सोमीच्या मागोमाग नवशी. दाराशी पोचलं की आई वळून म्हणायची, "तू इथंच बस. आणि आवाज करायचा नाही."

मग नवशी कारवीच्या कुडाला पाठ लावून बसे. आतली कुजबुज ऐकू येई, बांगड्या वाजत, चुलीवर पाणी तापत असल्याचा धूर कुडातून बाहेर झिरपे. आणि सगळं थांबलं असं वाटत असतानाच एक कोरं करकरीत रडणं उठे. त्या वेळी तिला उठून नाचावंसं वाटायचं. पण आवाज करायचा नसे, म्हणून ती दोन्ही मुठींत अंगणातली माती घट्ट धरून ठेवायची.

आश्रमशाळेतून बारावी झाल्यावर तिनं नर्सिंगचा कोर्स केला तो एवढ्यासाठीच. तिला त्या दाराच्या आत जायचं होतं.

दोन हजार एकोणीसच्या सुरुवातीला तिला नोकरी लागली. डहाणू-तलासरीच्या रस्त्यावर, चिकूच्या वाडीला लागून, एका ट्रस्टचं नवं इस्पितळ उभं राहिलं होतं. तिथं नव्या मुलींची एक तुकडी घेतली होती. त्यात चिंचणीची मयूरी होती. तिचे वडील होडीवर जात, आई मासळी विकायची, आणि बाजारात बसून बसून मयूरीच्या जिभेला चांगलीच धार आली होती. पहिल्याच दिवशी तिनं नवशीला विचारलं, "काय गो, तू बोलतेस की नुसती बघतेस?"

"बोलते की."

"मग जरा मोठ्यानं बोल. मला वाटलं डास गुणगुणला."

ते दिवस चमत्कारिक होते. नोव्हेंबरपासून त्या भागातली जमीन शांत नव्हती. धक्के बसत, बहुतेक लहान, मधूनच एखादा मोठा. भांडी किणकिणत, कौलं सरकत, आणि माणसं असतील तशी अंगणात येत. कितीतरी घरांनी खाटा बाहेर काढल्या होत्या, थंडीतही लोक मांडवाखाली निजत. पळायचं कुठल्या दारानं, हे डोक्याच्या आधी पायांना कळू लागलं होतं.

अशात या मुलींना शिकवायला मुंबईहून ऋषभ आला. शिडशिडीत, चष्मेवाला, सतत उत्साहात. त्याच्याबरोबर दोन पेट्या होत्या आणि पेट्यांत काळे, जाडजूड हेडसेट. डोळ्यांवर बांधला की समोरची खोली नाहीशी होते आणि दुसरीच खोली दिसते, तिथं पेशंट असतो, पलंग असतो, औषधाचं कपाट असतं, हात पुढे केले की आपले हातही दिसतात, असं तो सांगत होता. मुली त्याच्याकडे पाहत होत्या आणि अधूनमधून एकमेकींकडे.

"म्हणजे पेशंट खोटा?" मयूरीनं विचारलं.

"खोटा, पण त्याला होणारा त्रास खऱ्यासारखा. इथं हवं तेवढं चुका. कुणाला काही होत नाही. चुका संपल्या की मग खऱ्या वॉर्डात."

नवशीनं मनातल्या मनात ते पुन्हा म्हणून पाहिलं. इथं हवं तेवढं चुका. आजवर असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

खोली तळमजल्यावर होती. देवळात जाताना काढाव्यात तशा मुलींनी दाराबाहेर चपला काढल्या. ऋषभ गोंधळून म्हणाला, "अहो, तशी काही गरज नाही." पण कुणी ऐकलं नाही. इतकं महाग काहीतरी डोळ्यांवर बांधायचं, तर अनवाणीच बरं.

पहिली मयूरी. तिला आत एक स्टूल दिसलं, आणि दिसलं म्हणून ती त्यावर बसली. खोलीत स्टूल नव्हतंच. ती फरशीवर आपटली आणि हेडसेटच्या आडून म्हणाली, "कुणी गो ओढलं?" हसून हसून मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसरी नवशी. पट्टा जरा सैल राहिला होता. समोर एकदम पांढरी स्वच्छ खोली उघडली, आणि तिनं मान वळवताच ती खोली झोका घेतल्यासारखी डावीकडे कलली. पायांखालची फरशी सरकली. नवशीनं विचार केला नाही. हेडसेट उपटला आणि ओरडली, "धक्का! बाहेर पळा!"

तिचा आवाज किती मोठा आहे हे इस्पितळाला त्या दिवशी कळलं. मुली पळाल्या. मुलींना पाहून ओपीडीची रांग पळाली. गेटवरचा वॉचमन आपली खुर्ची घेऊन पळाला. चिकूच्या झाडांखाली सगळे जमले, एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि जमीन मात्र एखाद्या गरीब गाईसारखी निवांत पडून होती.

वर्षा सिस्टर शेवटी आल्या, चालत. त्या लेबर रूमच्या प्रमुख. झाई गावच्या, बागायतदारांच्या घरातल्या. मिरचीच्या वाडीत वाढल्यामुळं स्वभाव तसा झाला, असं मुली त्यांच्या पाठीमागे म्हणत.

"कोण ओरडलं?"

नवशीनं हात वर केला.

"आवाज आहे की भोंगा? आत पेशंट आहेत. एक सलाईन लावलेली बाई पलंगावरून उतरायला निघाली होती. आवाज ताब्यात ठेवायला शीक आधी."

"हो सिस्टर."

मयूरी तिच्या कानाशी लागली. "आमच्या तारापूरच्या कारखान्याचा भोंगा बरा गो. तो वेळेवर तरी वाजतो."

त्या दिवसापासून मुली तिला भोंगा म्हणू लागल्या. आणि भोंगा गप्प झाला.

अडचण अशी की पुढचा सराव नेमका आवाजाचाच होता. हेडसेटमधल्या खोलीत एक बाई नुकतीच बाळंत झालेली असे. मशीनच्या यादीत तिला नाव नव्हतं, तर मुलींनी तिला रूपी म्हणायला सुरुवात केली. रूपी मुंबईची असावी, कारण ती हिंदीत बोलायची. बाळ रडायचं, वार पडायची, सगळं ठीक असायचं, आणि मग रूपी पांढरी पडत जाऊन म्हणायची, "सिस्टर, मुझे चक्कर आ रहा है." चादरीवर रक्ताचा डाग पसरू लागायचा. तिथून पुढे नर्सनं काय करायचं ते ठरलेलं होतं. सगळ्यात आधी मदतीला हाक मारायची, मोठ्यानं, काय झालंय ते सांगून. एकटीनं सांभाळायचा हा प्रसंगच नव्हे. मग पोटावरून गर्भाशय चोळायचं, इंजेक्शन, सलाईन, नाडी आणि बीपी.

नवशीचे हात सुरेख चालायचे. हेडसेटमध्ये गेल्यावर तिला खरंच सगळं विसरायला व्हायचं. ते कपाट उघडणं, ती बाटली उचलणं, रूपीच्या पोटावर ठेवलेला आपलाच हात पाहणं. तिला वाटायचं, कुडाच्या भिंतीला अखेर खिडकी पडली. पण हाक मारायची वेळ आली की ती अडायची. बाळंतिणीजवळ आवाज चढवायचा नाही, हे ती लहानपणी दाराबाहेर बसून शिकली होती. आता वरून वर्षा सिस्टरांचं बोलणं. ती अर्ध्या आवाजात म्हणायची, "जरा कुणी येता का?"

"शेजारणीकडं विरजण मागतेस काय?" मयूरी बाहेरून म्हणायची.

ऋषभच्या लॅपटॉपवर हेडसेटमधलं सगळं दिसायचं आणि कडेला आवाजाची एक हिरवी पट्टी असायची. नवशीच्या हाकेला ती तळाशी नुसती थरथरायची. मशीन मदत पाठवायचं नाही. नवशी एकटी धडपडत राहायची, आणि खोलीतले रंग हळूहळू उतरत जायचे. शेवटी अक्षरं यायची, पेशंट वाचला नाही.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा ती हेडसेट काढून पाठमोरी उभी राहिली. ऋषभ म्हणाला, "अहो, प्रोग्रॅम आहे तो. पुन्हा सुरू करू." पुन्हा सुरू झाला. रूपी पुन्हा वाचली नाही.

आठवड्याच्या शेवटी वर्षा सिस्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "शुक्रवारी परीक्षा. जिला जमेल ती लेबर रूमला. बाकीच्या सध्या ओपीडीत, पुढचं पुढे बघू." मग जाताजाता नवशीजवळ थांबल्या. "हात चांगले आहेत तुझे. पण मुक्या मुलीला मी लेबर रूममध्ये घेणार नाही. रक्त कुणासाठी थांबत नाही."

"तुम्हीच म्हणालात सिस्टर, आवाज ताब्यात ठेव."

"ताब्यात ठेव म्हटलं. पुरून टाक नाही म्हटलं."

सुट्टीला ती पाड्यावर गेली. उंबरठ्याबाहेर मांडव घातलेला होता, खाटा मांडवाखाली, चूलही अंगणात आलेली. दिवस मावळतीला लागला होता. सोमी भाकरी थापत होती, बाप धाकल्या दोर वळत बसला होता. नवशी त्यांना हेडसेटबद्दल सांगत होती. रूपी कशी दिसते, हात कसे दिसतात, स्टुलावरून मयूरी कशी पडली, आणि रूपीसाठी हाक मारताना आपला आवाज कसा निघत नाही. सोमीचा हात परातीतच थांबला. "म्हणजे बाई नाहीच, आणि तू तिचं बाळंतपण करतेस?"

"हो."

"आणि बाळ?"

"तेही नाही."

"रडतं तरी का?"

"रडतं की. चांगलं रडतं."

सोमी विचारात पडली. "मग आहे म्हणायचं," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

तेवढ्यात जमीन घुमली. तवा चुलीवर वाजला, कोंबड्या फडफडल्या, मांडवाचा खांब करकरला. क्षणभराचं सगळं. मग शांत.

त्या हिवाळ्यात पाड्यानं एक पद्धत पाडून घेतली होती. धक्का बसला की पहिल्या घरानं हाक द्यायची, ओहोळापलीकडच्या घरानं ओ द्यायची आणि पुढच्या घराला हाक द्यायची. असं करत हाक वरच्या टेकाडापर्यंत जायची. कुणाची ओ आली नाही तर माणसं तिकडं धावायची. धाकल्याला त्या दिवशी खोकला होता. त्यानं लेकीकडं पाहिलं. "दे गो तू हाक."

नवशी अंगणाच्या कडेला गेली. तळवे तोंडाशी धरले, पोटातून श्वास घेतला आणि लांबवून हाक दिली, "ओ झिपरूकाका, आहात नाऽऽऽ?"

हाक ओहोळ ओलांडून गेली. पलीकडून झिपरूची ओ आली, "आहोऽऽऽ! तुम्ही?"

"आहोऽऽऽ!"

मग झिपरूची हाक वरच्या घराला, त्याच्यावरच्या घराला. नवशी तिथंच उभी राहून ऐकत होती. अंधार अजून पडला नव्हता. हाक टेकाडावर पोचून विरली तेव्हा सोमी मागून म्हणाली, "एवढी ओरडलीस, कुणी घाबरलं का?"

"नाही."

"उलट निवांत झाले सगळे." आणि मग, चुलीतलं लाकूड मागे ओढत, "त्या तुझ्या रूपीला सांग, माझी पोर हाक मारते ती माणसं यावीत म्हणून."

शुक्रवारी सकाळपासून मुली एका जागी ठरत नव्हत्या. कुणी पाठ म्हणत होतं, कुणी पुन्हापुन्हा हात धूत होतं. मयूरीनं केसांत अबोली माळली होती. "रूपीला दिसणार आहे का ती?" कुणीतरी म्हणालं. "मला दिसते ना," मयूरी म्हणाली आणि आत जाऊन झोकात पास होऊन आली. तिची हाक ऐकून ऋषभ खुर्चीत दचकला होता.

नवशीची पाळी आली. या वेळी तिनं पट्टा स्वतः आवळला. वर्षा सिस्टर भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. बाकीच्या मुली बाकांवर. पांढरी खोली उघडली. रूपी समोर. बाळ रडलं. नवशीला नेहमीसारखाच आनंद झाला, मुठी आपोआप वळल्या. वार पडली. रूपीचा चेहरा उतरू लागला. "सिस्टर, मुझे चक्कर आ रहा है."

आणि पायांखालची फरशी हलली.

धक्का खराच होता. मोठा नव्हता, पण खिडकीची तावदानं वाजली, पंखा दांडीवर झुलला, आणि बाकांवरच्या मुली क्षणात दाराबाहेर होत्या. ऋषभला अजून या गोष्टींची सवय नव्हती. त्यानं लॅपटॉप छातीशी धरला आणि सगळ्यांच्या पुढे पळाला. वर्षा सिस्टर मुलींना पुढे घालत अंगणापर्यंत गेल्या. त्या घाईत जो तो समजला की नवशी आपल्या मागेच आहे.

नवशीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिचे कान हेडसेटच्या आवाजानं भरले होते. फरशी हलली तेव्हा तिच्या पायांनी दाराकडे वळायला सुरुवातही केली होती. मग तिला पहिला दिवस आठवला. चिकूच्या झाडांखालची ती गर्दी, ती निवांत जमीन. मशीन पुन्हा हलतंय, ती स्वतःला म्हणाली. आज नाही. आज मी पळणार नाही. समोर चादरीवरचा डाग पसरत होता. तिनं रूपीच्या पोटावर हात ठेवला, मान वर केली, आणि पोटातून श्वास घेऊन हाक दिली.

"इकडे याऽऽऽ! बाळंतिणीला रक्त जातंय! डॉक्टरांना बोलवा, लवकर याऽऽऽ!"

ओहोळ ओलांडणारी हाक होती ती. खोलीत मावली नाही. कॉरिडॉरमधून गेली, खिडकीतून वाडीत गेली.

झाडाखाली ऋषभच्या हातातला लॅपटॉप अजून चालू होता. वायफाय तिथवर पोचत होतं. त्यानं सहज पाहिलं तर पडद्यावर दोन हात काम करत होते आणि हिरवी पट्टी वरच्या टोकाला टेकली होती. "अरे, ही आतच आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षा सिस्टर तोवर वळून धावल्या होत्या.

मुली लॅपटॉपभोवती जमल्या. कुणालाच हलवेना. पडद्यावर नवशीच्या हातांनी इंजेक्शन भरलं, दिलं, पुन्हा पोट चोळलं, सलाईनचा वेग वाढवला. मशीननं हाक ऐकली होती. पांढऱ्या खोलीचं दार उघडून डॉक्टर आणि आणखी एक नर्स आत आल्या होत्या. "बीपी घे गो, बीपी," मयूरी दातांखाली पदर धरल्यासारखं ओढणीचं टोक चावत म्हणाली, जणू तिला ऐकू जाणार होतं. नवशीनं बीपी घेतलं. रूपीच्या ओठांवर रंग परतू लागला. अक्षरं आली, पेशंट स्थिर. झाडाखाली जो कल्ला झाला त्यानं वॉचमन पुन्हा खुर्ची घेऊन उठला.

आत नवशीनं हेडसेट काढला. टाळ्या होतील असं तिला थोडं वाटलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. एक बाक आडवा झाला होता, पंखा अजून डोलत होता. आणि दारात लेबर रूमची आया बायजाबाई उभी होती, दोन्ही हातांत तातडीच्या औषधांचा ट्रे, धापा टाकत. लेबर रूममध्ये एक बाई कळा देत होती, म्हणून धक्का बसूनही तिथून कुणी हललं नव्हतं. हाक ऐकून डॉक्टरांनी बायजाबाईला ट्रे देऊन पुढे पिटाळलं होतं.

"कुठंय?" बायजाबाई म्हणाली.

"कोण?"

"पेशंट. रक्त जातंय म्हणालीस ना?"

नवशीनं हातातल्या हेडसेटकडे बोट दाखवलं. "यात."

बायजाबाईनं हेडसेटकडे पाहिलं, नवशीकडे पाहिलं, आणि ट्रे बाकावर ठेवून कपाळाचा घाम पुसला. "दाखव तर कोण ही. एवढी धावले तिच्यासाठी."

तोवर वर्षा सिस्टर पोचल्या होत्या आणि त्यांच्या मागून सगळी तुकडी. मुलींनी नवशीला घेरलं. काय धीराची गो तू, धक्का बसला तरी पेशंटला सोडून गेली नाहीस, असं एकदम सगळ्या बोलत होत्या. नवशी भांबावली. "धक्का?"

पंख्याकडे तिचं लक्ष गेलं. मग सगळं कळलं. काहीच न बोलता उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. वर्षा सिस्टरांच्या डोळ्यांत कधी नव्हे ते कौतुक होतं, आणि ते असंच राहावं असं तिला फार वाटलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "मला कळलंच नाही धक्का बसला ते. मला वाटलं मशीनच हलतंय. कळलं असतं तर मीही पळाले असते."

मयूरीनं डोळे मिटून घेतले, विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हातचं गेल्यासारखं.

वर्षा सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. पळायलाच हवं होतं. या खोलीत खरा पेशंट नाही, इथं धक्का बसला तर पळायचंच." मग ऋषभकडे वळल्या. "आणि तुम्ही. लॅपटॉप उचललात, पोरगी ठेवलीत."

ऋषभ खाली पाहत म्हणाला, "चुकलं, सिस्टर. यापुढे हेडसेट घातलेलीचा हात कुणीतरी धरूनच ठेवेल."

"धराच." त्यांनी पुन्हा नवशीकडे पाहिलं. "हाक ऐकली मी. अंगणात ऐकली. आत डॉक्टरांनीही ऐकली. काय झालंय, कुणाला झालंय, सगळं एका दमात कळलं." आणि मग, "सोमवारपासून लेबर रूम."

बायजाबाईला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं ऋषभकडून हेडसेट बांधून घेतला होता आणि ती रिकाम्या हवेत वाकून बघत होती. "ही होय?" ती म्हणाली. "ही तर धडधाकट आहे."

सोमवारपर्यंत थांबावं लागलंच नाही. दुपारी लेबर रूमच्या दारातून वर्षा सिस्टरांनी नवशीला हात केला. "चल. नुसती बघ. आणि तोंड बंद."

कळा देणारी बाई उधवा गावाकडची होती, पहिलटकरीण. नवशी तिच्या उशाशी उभी राहिली, तिचा हात हातात घेऊन, हळू आवाजात तिच्याशी बोलत. पाणी तापत नव्हतं, धूर नव्हता, पण बांगड्या वाजत होत्या. आणि सगळं थांबलं असं वाटत असतानाच ते रडणं उठलं, कोरं करकरीत, अगदी जवळून. मध्ये कुड नव्हता. नवशीच्या मुठी वळणार होत्या, पण एका हातात त्या बाईचा हात होता, तेव्हा तिनं तोच घट्ट धरला. रक्त वेळेत थांबलं. हाक मारावी लागली नाही.

बाहेर आल्यावर तिनं फोन पाहिला. घरून बरेच फोन येऊन गेले होते. तिनं लावला.

"आहेस ना गो?" धाकल्याचा आवाज खोकल्यातून आला.

"आहे बा."

"सकाळचा धक्का तिकडं जाणवला का?"

नवशीला हसू आवरेना. "नाही," ती म्हणाली. "मला नाही जाणवला."

पलीकडं धाकल्या सोमीला सांगत होता, "अख्खा पाडा हलला, आणि हिला म्हणे जाणवलाच नाही."